बावीस फूट, साडेतीन इंच

वेसाव्याच्या कोळीवाड्यात माझ्या नावावर दोन गोष्टी आहेत. एक उंच जोत्याचं पक्कं घर आणि दुसरी थापा. घर बापाने दिलं. थापा मी स्वतःच्या कष्टाने कमावल्या.

एकदा खाडीपलीकडच्या मढच्या बाहेर माझ्या जाळ्यात असा घोळ मासा लागला, की तो बोटीत ओढून घेतल्यावर दर्याचं पाणी चार बोटं खाली गेलं. त्या दिवशी मढची फेरीबोट भर दुपारी चिखलात रुतली, लोक आपले फेरीबोटवाल्याला शिव्या घालत बसले. मी गप्प राहिलो. माणसाने आपल्या मोठेपणाचा गाजावाजा करू नये.

माझी बायको सखुबाई म्हणायची, "ह्या माणसाला ओळखायची एकच खूण. आकडा आला की थाप समजायची. बाजारातून कांदे किती आणले विचारा, म्हणेल 'आणले थोडे'. खरं बोलताना त्याला मोजता येत नाय. थाप मारायला लागला की इंचाशिवाय बोलत नाय."

ही खूण तिने पोरीलाही शिकवली. आमची रोशनी तेव्हा एवढीशी होती. मी माशाची गोष्ट सांगायला लागलो की मांडीवर बसून विचारायची, "किती फूट, बाबा?" मी म्हणायचो, "सदतीस फूट, पावणेदोन इंच." ती उचकी लागेपर्यंत हसायची. ते पावणेदोन तिला भारी आवडायचे.

सखुबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर मी एकही थाप मारली नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं, दुःखात आहे. मग त्यांना भीती वाटायला लागली. रोशनी समोर बसून विचारायची, "बाबा, तो घोळ किती फूट होता?" माझ्या तोंडातून आकडाच येईना. शेवटी एके सकाळी चहा पिताना मी तिला म्हटलं, "काल तुझी आई स्वप्नात आली होती. म्हणाली, वर सगळे शाकाहारी आहेत, एकशे बारा दिवस झाले सुकट बघितली नाय, मला परत घेऊन जा." रोशनी हसली आणि मग हमसून हमसून रडली. म्हणाली, "आता तू बरा आहेस, बाबा. तू थाप मारलीस म्हणजे बरा आहेस."

हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

रोशनीचं लग्न मुलुंडला झालं. जावई सर्वेश चांगला आहे, मासे खातो. रोशनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जाते. मुलुंड आणि वेसावा मुंबईतच, पण दोघांच्या मध्ये अख्खी मुंबई आडवी पडलीय. यायचं म्हणजे तिला एक रजा लागते. सुरुवातीला दर महिन्याला यायची. मग सणाला. मग फोनवर.

आणि मग काही वर्षांपूर्वी ते मोठं वादळ आलं. टीव्हीवर बघून ती स्कूटर घेऊन थेट दारात. "चल बाबा, पिशवी भर." मुलुंडच्या त्या उंच घरात मी तीन दिवस होतो. खिडकीबाहेर वारा शिट्ट्या मारतोय, लॅब बंद, रस्ते बंद, सर्वेश पत्ते पिसतोय आणि रोशनी माझ्या ताटात तिसरी पोळी वाढतेय. वादळात लोकांची छपरं गेली, बोटी गेल्या, म्हणून बोलू नये. पण माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले दिवस ते.

तेव्हापासून मला वादळं आवडायला लागली.

अरबी समुद्रात कुठे ढग जरा गोल फिरायला लागला, की मी मुलुंडला फोन लावायचो. गेल्या वर्षी तर तीनदा लावला. पहिल्या वेळी वादळ ओमानला गेलं. दुसऱ्या वेळी वादळच नव्हतं, वारा होता. तिसऱ्या वेळी वारासुद्धा नव्हता, पण पोरगी रजा टाकून आली आणि बघते तर मी पायरीवर बसून बोंबील भाजतोय. ती पिशवी न भरता परत गेली. जाताना हेल्मेटचा पट्टा असा खटकन लावला, की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

या मे महिन्याच्या शेवटी खरोखरचं आलं.

बंदरावर धोक्याचा बावटा चढला. मच्छीमार सोसायटीचा भोंगा सकाळपासून ओरडत होता. बाहेर गेलेल्या बोटी एकेक करून खाडीत शिरल्या आणि कोळीवाडा कामाला लागला. आमच्याकडे वादळात बोट एकटी ठेवत नाहीत. बोटीला बोट चिकटवायची, मध्ये जुने टायर अडकवायचे आणि सगळी रांग एकमेकींना बांधून टाकायची. एकट्या बोटीला वारा उचलतो. रांगेला उचलायला त्याचाही जोर पुरत नाही. पण बांधताना दोर ढिला सोडायचा असतो. पाणी वर चढतं तेव्हा बोटीलाही वर यायला दोर हवा.

सोसायटीचा सेक्रेटरी सीताराम आपली छोटी होडी गल्लीच्या तोंडापर्यंत ओढून आणून विजेच्या खांबाला बांधत होता. घट्ट, गाठीवर गाठ.

"सीताराम, दोर सोड जरा," मी म्हटलं. "पाणी चढलं की तुटेल."

"लहूमामा, पाणी इथपर्यंत येईल काय? गल्लीत?"

"मी लहान होतो तेव्हा आलं होतं. देवळाच्या घंटेला मासा लटकला होता."

"किती फुटाचा?" सीतारामने विचारलं, आणि दोर ओढणारे सगळे फिदीफिदी हसले. गाठ तशीच राहिली. माझी पुण्याई.

बायकांची वेगळीच धांदल. पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील अजून काठ्यांवर वाळत होते. ते भराभर उतरवून पोत्यांत भरले, पण ठेवायचे कुठे? सगळ्यांच्या घरांत पाणी शिरायची भीती. मग चंपाने डोकं चालवलं. चंपा माझी शेजारीण, मासळी बाजारात बसते, तिचा आवाज मढला ऐकू जातो. तिने आपलं पहिलं पोतं माझ्या ओसरीवर आणून आपटलं.

"लहूदादा, तुझं जोतं उंच हाय आणि घर रिकामं हाय. ठेवते इथं."

"भाडं?"

"तुझ्या थापा ऐकून घेते तेच भाडं. सर बाजूला."

तिचं बघून गल्लीतली प्रत्येक जण आली. पलंगाखाली पोती, पलंगावर पोती, सखुबाईच्या फोटोखाली पोती. एका पोत्याला खुर्ची मिळाली. सखुबाई गेल्यापासून माझ्या घरात एवढी गर्दी झाली नव्हती.

संध्याकाळी माणसं पालिकेच्या शाळेत राहायला निघाली. चंपा दारात थांबली. "चल की रं. एकटा काय करशील?"

"मी मुलुंडला चाललोय. रोशनी येतेय न्यायला."

"तिने सांगितलं?"

"म्हणजे काय! उद्या दुपारी, एक वाजून वीस मिनिटांनी."

चंपाने माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून शाळेकडे निघाली. आकड्याची खूण तिलाही ठाऊक होती.

रोशनीला मी आदल्या दिवशी फोन केला होता, हे खरं. तिने एवढंच म्हटलं होतं, "बाबा, पुरे आता." आणि लॅबमध्ये गर्दी आहे म्हणून ठेवून दिला. तरी मी पिशवी भरली. दोन लुंग्या, दाढीचं सामान, तिच्यासाठी सुके सोडे. पिशवी भरलेली असली की माणूस येण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे. खरं तर तसा अनुभव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. गल्लीत एक माणूस नाही. कुत्रीसुद्धा शाळेत गेली होती, तिथे खिचडी होती. मी ओसरीवर स्टूल टाकलं, पिशवी मांडीवर घेतली आणि बसलो. वाळत घातलेली लुंगी एकदम दोरीवरून सुटली, छपरावर क्षणभर थांबली, मागे वळून बघितल्यासारखं केलं आणि खाडीच्या दिशेने निघून गेली. मग चंपाच्या घराचा पत्रा कुरकुरायला लागला. मी त्याला म्हटलं, "थांब रं, मालकीण घरात नाय." तो थांबला नाही. पतंगासारखा गिरकी घेऊन देवळामागच्या पिंपळात जाऊन बसला. हे सांगायला बाजूला कोणी नव्हतं. आयुष्यभर थापा मारल्या, आणि जेव्हा डोळ्यांसमोर खऱ्या घडायला लागल्या तेव्हा ऐकायला फक्त पोती.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी अल्पेश दिसला. हा चंपाचा पुतण्या, मासळीचा टेम्पो चालवतो. नखशिखांत भिजलेला, कपाळावर खरचटलेलं.

"काका, तू अजून इथंच? चल शाळेत."

"कुठून येतोस?"

"पवईला माल टाकून आरेच्या जंगलातून येत होतो. वाट लागली रे काका. माझ्या पुढची रिक्षा... झाड पडलं तिच्यावर. डोळ्यांसमोर. रिक्षावाल्याला आम्ही ओढून काढला, जिवंत आहे, पण पाय..." त्याने पुढचं गिळलं. "मागे अजून दोन झाडं आली. टेम्पो तिथेच सोडून चालत आलो."

"माझी रोशनी यायचीय."

"कुठून? मुलुंडवरून?" अल्पेश एकदम थांबला. "स्कूटरने?"

"ती आरेतूनच येते. जवळ पडतं."

"काका, तिला फोन कर. आत्ता. सांग, येऊ नको." वाऱ्याने त्याला ढकललं तसा तो खांब पकडून उभा राहिला. "आणि तू चल."

"तू हो पुढे. पोती सोडून कसा येऊ?"

तो गेला. मी फोन हातात घेतला. माझा बटणांचा साधा फोन आहे. बटण दाबणार, तेवढ्यात तोच वाजला.

"बाबा!" रोशनी ओरडतच होती. "मी आत्ता टीव्ही लावला. बाबा, सॉरी. मी तुझं ऐकायला हवं होतं. मी खाली पार्किंगमध्ये आहे, हेल्मेट घातलंय. तासाभरात पोचते. पिशवी भर."

पिशवी मांडीवरच होती.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते. मला वाटलं, आली! वर्षभर ज्याची वाट बघत होतो ते आलं. पत्ते, तिसरी पोळी, सगळं. मग अल्पेशचं ते गिळलेलं वाक्य आठवलं.

आता "येऊ नको" म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबलो. माझी पोरगी मला ओळखते. मी "येऊ नको" म्हटलं की तिला वाटणार, बाबा रुसलाय. "रस्ता वाईट आहे" म्हटलं की वाटणार, बाबा घाबरलाय, पण दाखवत नाही. आणि मी गप्प झालो तर ती आई गेल्यावरचे दिवस आठवून उडत येणार. तिला थांबवायचा एकच रस्ता होता. मी ठणठणीत आहे हे तिला पटायला हवं होतं. आणि मी ठणठणीत असल्याचा तिच्याकडे एकच पुरावा होता.

"ये ये," मी म्हटलं. "लवकर ये. इथे काय चाललंय तुला सांगतो. माझी लुंगी उडाली."

"काय?"

"लुंगी. दोरीवरून सुटली ती थेट मढला. मी घड्याळ लावलं. वाऱ्याचा वेग ताशी एकशे त्रेचाळीस किलोमीटर."

पलीकडे ती थबकली. "बाबा?"

"आणि चंपाचा पत्रा पिंपळावर जाऊन बसलाय. एकोणीस फुटांवर. तिसऱ्या फांदीवर."

"बाबा, मी सीरियसली विचारतेय. घरी कोण आहे तुझ्याबरोबर?"

मी मागे वळून बघितलं. "घर भरलंय गं. चंपाकडचे सहा, सीतारामकडचे चार, अल्पेशकडचे तीन. तेरा. पलंगावरसुद्धा जागा नाय. एक तर माझ्या खुर्चीवर बसलाय, उठायचं नाव घेत नाय."

"सगळे तुझ्याकडे?"

"उंच जोतं ना आपलं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दाणकन आवाज झाला. सीतारामचा दोर तुटला होता. खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, काळं, फेसाचं, आणि त्याच्यावर बसून सीतारामची होडी आली. कोणी वल्हवत नव्हतं. डाव्या भिंतीला लागली, उजव्या भिंतीला लागली आणि अशी सरळ माझ्याकडे यायला निघाली, जणू पत्ता विचारून आली होती.

"बाबा, कसला आवाज तो?"

मी पिशवी उचलून आत पोत्यांवर टाकली. मग म्हटलं, "होडी आलीय."

"कुठे?"

"आपल्या दारात. पायरीला टकटक करतेय. बोलावू का आत?"

मग तिने विचारलं, अगदी हळू, लहानपणी विचारायची तसं.

"किती फूट, बाबा?"

होडी पायरीला धडकत होती. पाणी दुसऱ्या पायरीवर चढलं होतं. मी होडीच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"बावीस फूट," मी म्हटलं, "साडेतीन इंच."

ती हसली. सुरुवातीला थोडं, मग खूप. हसता हसता नाक ओढत म्हणाली, "तू ना बाबा... मी इथे रडकुंडीला आलेय, आणि तू तेरा माणसं जमवून थापा मारत बसलायस."

"मोरीतून निवट्या वर आल्यात. अकरा. रात्रीच्या कालवणाची सोय झाली."

"पुरे! पुरे, बाबा. तू मस्त आहेस. मी नाही येत."

"अगं पण होडी—"

"होडीला माझा नमस्कार सांग." आणि फोन बंद व्हायच्या आधी मला ऐकू आलं, हेल्मेटचा पट्टा सुटला. खट.

माझ्या आयुष्यात कोणी माझ्या बोलण्यावर इतका चोख अविश्वास दाखवला नव्हता. आणि मी त्यात एक शब्द खोटा बोललो नव्हतो. आकडे सोडून.

मग कामाला लागलो. पाण्यात उतरलो, तुटलेला दोर पकडला आणि होडी ओसरीच्या खांबाला बांधली. दोर ढिला सोडला. पाणी वर येत गेलं तशी ती माझ्याबरोबर वर येत गेली. शेवटच्या पायरीवर पाणी थांबलं. तिथे किती वेळ थांबलं मला सांगता येणार नाही. मी आत जाऊन दार लावलं, पोत्यांमध्ये बसलो. खुर्चीवरच्या पोत्याला म्हटलं, "एकदा मढच्या बाहेर माझ्या जाळ्यात घोळ मासा लागला होता." त्याने किती फूट ते विचारलं नाही. मग मीही पुढे सांगितलं नाही. पिशवीतले सोडे काढून थोडे चघळले. बाहेर होडी मधूनमधून पायरीला लागत होती, आणि दर वेळी मला वाटायचं, कोणीतरी आलंय.

सकाळी ऊन पडलं, एकदम निर्लज्ज ऊन. शाळेतून माणसं परतली. गल्लीत चिखल, आणि माझ्या दारात बांधलेली होडी. सीताराम बघतच राहिला. अल्पेशने मोबाइलवर माझा आणि होडीचा फोटो काढला. चंपाने आपली पोती मोजून घेतली आणि म्हणाली, "एकाचं तोंड सुटलंय. खाल्लेस काय?"

"सोबतीला एक बोंबील बाहेर काढला होता."

"आणि रोशनी?"

"एक वाजून वीस मिनिटांनी आली होती. म्हटलं, जा बाई, माझ्याकडे पाहुणे आहेत."

चंपा हसली नाही. पोतं डोक्यावर घेतलं, दोन पावलं गेली, परत फिरली. "दुपारी जेवायला ये. आणि आकडे सांगू नको."

एकेक करून सगळी पोती गेली. खुर्ची मोकळी झाली, पलंग मोकळा झाला. वास तेवढा राहिला.

फोन वाजला.

"बाबा, अल्पेशने फोटो पाठवलाय. सर्वेश म्हणतो, हल्ली मोबाइलवर असले फोटो दोन मिनिटांत बनवता येतात. आता फोटोपण बनवायला लागलास?"

क्षणभर वाटलं, सांगावं. झाड सांगावं, रिक्षा सांगावी, पायरीवरचं पाणी सांगावं. मग वाटलं, पाणी बाबाच्या पायरीवर चढत असताना आपण हसत होतो, हे पोरीने कशाला घेऊन फिरावं?

"अल्पेशने बनवून दिला," मी म्हटलं. "कसा झालाय?"

"होडी खरी वाटते. तुझा चेहरा मात्र जमला नाही. फार थकलेला दाखवलाय."

"सांगतो त्याला."

"बघते हां बाबा, कधी जमतंय ते. पुढच्या महिन्यात रजा नाहीच आहे."

"ये," मी म्हटलं. "वादळ नसलं तरी ये."

यात आकडा नव्हता. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती काहीतरी बोलायला गेली. पण मागून लॅबमध्ये कोणीतरी तिला हाक मारली, आणि "नंतर करते, बाबा" म्हणून तिने फोन ठेवला.

सीताराम आणि चारजण होडी परत न्यायला आले. तळाला कुठे चीर गेलीय का ते बघायला सुतार घेऊन आले होते. मी सुताराकडे टेप मागितली.

"कशाला, लहूमामा?" सीताराम म्हणाला.

"धर ते टोक."

त्याने नाळेशी टोक धरलं. मी चिखलातून टेप ओढत मागच्या टोकापर्यंत गेलो, चष्मा पुसला आणि आकडा वाचला. परत वाचला. कोणाला सांगितला नाही, टेप गुंडाळून सुताराला देऊन टाकली.

बावीस फूट, तीन इंच. अर्धा इंच मी पदरचा घातला होता.